नसलेल्या लॉटची हिरवी पट्टी

आसिफा मला पोरीसारखी, म्हणून तिची बाजू घेऊन राह्यले असं समजू नका. चूक तिचीच होती.

जालन्याच्या एमआयडीसीत आमचा बियाण्याचा कारखाना. मी दैवशाला, पॅकिंगला. आसिफा ऑफिसात बसून पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत कारखान्याचा प्रोग्राम लिहिते. कोणता लॉट उगवण चाचणीसाठी अडवलाय, कोणता सोडायचा, ते गोदामातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. गोदाम राजानंदकडं. हिरवी पट्टी दिसली की तो माल गाडीत चढवतो, बस.

एकदा कपाशीचा लॉट मंठ्याला गेला आणि मागून चाचणीचा निकाल आला. निम्मं बी उगवलंच न्हवतं. विकायच्या आधी सगळी खोकी परत आणली, पण शेठ पेटला आणि राजानंदला घरी बसवलं. पट्टी हिरवीच होती, हे सांगून सांगून तो दमला. कोण ऐकतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी.

आसिफाला जेवण जाईना. खोदून विचारलं तेव्हा म्हणली, "मावशी, प्रोग्रामात लॉटची माहिती ठेवणारा भाग आहे, क्लास म्हणतात, त्यात मी मॅजिक गेटर टाकला. काहीही विचारा, उत्तर त्याच एका दारातून. एकेका प्रश्नासाठी वेगळं लिहायचा कंटाळा केला. माहिती नसली तर त्यानं ओरडायला पाहिजे होतं, मी त्याला गुपचूप रिकामं द्यायला लावलं. लॅबनं निकाल भरलाच न्हवता. पट्टीनं रिकाम्याचा अर्थ 'अडवलेला न्हाई' असा घेतला."

"मंग ते मॅजिक काढून टाक की."

"सगळंच न्हाई. कपाशीच्या चाचण्या येगळ्या, बाजरीच्या येगळ्या, उद्या कोणती येईल ठाऊक न्हाई. तिथं हे मॅजिक गेटर-सेटर, म्हणजे माहिती देणारे-घेणारे, बराबर आहेत, तेही ठरवून दिलेल्या नावांपुरते. पण माल अडवलाय का, हा प्रश्न तर पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. त्याला स्वतःचं वेगळं दार, साधं फंक्शन, पाहिजे होतं."

मला अर्धंच कळलं. पोरगी आतून जळतीय, ते मात्र पुरतं कळलं.

सकाळी ती शेठसमोर उभी राहिली. मी दारातच होते. "लॉट नंबर म्हणून तुमचा मोबाइल नंबर टाकते," म्हणली आणि कॉम्प्युटरवर टाकला. असा लॉट कारखान्यात न्हाईच, तरी पट्टी हिरवी, म्हणजे माल सोडा.

"हे मी लिवलंय," ती म्हणली. "राजानंदभाऊंचा काही दोष न्हाई."

शेठनी राजानंदला कामावर परत यायचा निरोप धाडला आणि आसिफाला दुसरीकडं काम बघायला सांगितलं. माझं डोकंच फिरलं. खरं बोलायची ही बक्षिसी.

राजानंद आला तो पार काळवंडलेला. आसिफानं माफी मागितली, पण त्यानं तिच्याकडं बघितलंही न्हाई. तिला काढून टाकलंय हे त्याला मीच सांगितलं. तो सरळ केबिनमध्ये गेला आणि गोदामाची चावी टेबलावर ठेवली.

"ही चावी बी घ्या," म्हणला. "राग मला बी आहे तिचा. पण खरं सांगणाऱ्याला काढलं, तर उद्या चुकल्यावर इथं तोंड कोण उघडंल?"

शेठनी चावी राजानंदकडं सरकवली आणि दारातल्या आसिफाला म्हणला, "ती पट्टी जल्दी दुरुस्त कर."