ऑरगॅनिकमधलं बी

माझी नात हिमानी एवढीशी होती तेव्हापासून इथे अमेरिकेत, आमच्या पार्सिपनीच्या घरात तिला डॉक्टरीणबाई म्हणतात. बाहुलीला इंजेक्शन देताना पोरगी डोळे घट्ट मिटायची, ते मात्र माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही.

कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, शेजारचा नकुल आहे त्याच स्टेट कॉलेजात जाते. मार्क चांगले पडतील. मेडिकलवाले मार्क बघतात."

माझा मुलगा शैलेंद्र हसला. "नाव बघतात, नाव! दारावर पाटी कुणाची ते बघतात." आणि तिला मोठ्या नावाच्या कॉलेजात धाडून तिथला स्वेटशर्ट स्वतःच घालून बसला. अजून घालतो. धुवायला मागून घ्यावा लागतो.

पहिल्या वर्षी पोरीचा फोन रोज यायचा. मग रविवारी. मग फोनवर नुसता श्वास. "जेवलीस का गं?" "हो आजी, व्यवस्थित जेवले." खोटं बोलताना तिचं मराठी फार शुद्ध होतं.

परवा म्हणाली, "आजी, मला ऑरगॅनिकमध्ये बी मिळालं."

म्हटलं, छानच की! इथल्या दुकानात ऑरगॅनिक भाजीचा केवढा तोरा. बी मिळालंय तर लावू. ती हसायला लागली. थांबेचना. शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आली, तर मनगटं काडीसारखी. जेवताना मी सुनेला म्हटलं, "उल्का, एक कुंडी दे गं. हिमानीला ऑरगॅनिकमध्ये बी मिळालंय."

उल्काचा डाव वरणातच राहिला.

"ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी?" शैलेंद्र म्हणाला. "आई, बी म्हणजे मार्क असतो, कमी मार्क." मग स्वतःच सावरला. "एकच ना? कॉलेजचं नाव आहे. घेतील चालवून."

हिमानी भातात बोटाने रेघा ओढत होती.

"बाबा, दॅट वॉज द गुड वन."

मला इंग्रजी येत नाही, पण हे कळलं: बाकीचे याहूनही कमी. शैलेंद्रने छातीवरच्या अक्षरांवर हात ठेवला, झाकल्यासारखा. शेजारी टाळ्या वाजत होत्या. नकुलला मेडिकलच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं.

"रविवारी किती वाजता निघायचंय?" उल्काने हळूच विचारलं.

हिमानीची नजर दाराकडे गेली. मी दाराशी पाहिलं. दोन मोठ्या बॅगा, पुस्तकांचं खोकं, आणि वर तिची उशी.

चार दिवसांच्या सुट्टीला कुणी उशी आणत नाही.