दिवाळीचा पहिला डबा

नवऱ्याला सांगितलं नाय, लेकींना नाय. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीबाही मागते आणि उठते. आज तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही ठाऊक नाय.

माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं. दिवाळीची पहिली आंघोळ झाली की आमच्याकडे नव्या भाताचे पोहे. गूळ, ओलं खोबरं, वेलची — अहाहा! आता रोह्यात पोह्यांच्या गिरणीजवळ राहते, पण तो वास काही परत आला नाय.

पोह्यांना आधी कुणी हात लावायचा नाय. देवाला दाखवले की पहिला डबा बांधावरून पलीकडे, हसनचाचाकडे. एका उधाणाला आमच्या बांधाला खांड पडली, तेव्हा या माणसानं स्वतःच्या गुरांचा पेंढा आणून ती बुजवली होती. खारं पाणी शिरतं तर पुढं दोन-तीन वर्षं शेतात काय पिकलं असतं? बा म्हणायचा, "भात देवानं दिला, पन राखला हसननं. पयला घास त्याचा." चाचाही त्या दिवशी आमचे पोहे येईपर्यंत तोंडात काही घालत नसे.

डबा न्यायचं काम माझं.

त्या साली मी अकरा वर्षांची. अंगावर नवा गुलाबी परकर, आणि बांधावर हा चिखल! मी पेंढ्याच्या उडवीमागे बसले. जरा चव बघू म्हटलं. मग आणखी एक घास. मग — आता लपवून काय करू? डबा चाटूनपुसून खाल्ला. घरी येऊन म्हटलं, "दिले."

दुपारी चाचा स्वतः आला, धापा टाकत. पोहे आले नाय म्हणजे आमच्याकडे कुणाचं बरंवाईट झालं, असंच वाटलं असणार त्याला. सगळे धडधाकट दिसल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

बा हसून म्हणाला, "काय रं हसन, पोहे कसे झालेत?"

चाचानं माझ्याकडे बघितलं. परकरावर पेंढ्याच्या काड्या, वर गुळाचा डाग.

"झकास," तो म्हणाला. "पोरीनं गरम गरम आनले."

आईनं आणखी थोडे घ्या म्हटलं, तर म्हणाला, "नको वहिनी, पोट भरलंय." आणि उन्हातून परत निघाला. एक शब्द बोलायचा होता मला. एकच. मी परकरावरच्या काड्या झटकत राहिले.

पुढच्या दिवाळीला डबा हातात दिला, तर न उघडताच म्हणाला, "झकास झालेत गो!" चिडवलं का माफ केलं? मी विचारलं नाय, पळत सुटले.

चाचा गेला. नंतर बा पण गेला. बा शेवटपर्यंत येईल-जाईल त्याला सांगायचा, हसनचा घास आपण एक दिवाळी चुकवला नाय. मी शेजारी बसून मान हलवायची. व्हय, बा.

चुकला, बा. त्या दिवशी चाचा उपाशी परत गेला, आणि माझं पोट भरलेलं होतं.