घड्याळ सारंगाची पैज

धक्क्यावरची माणसं त्याला ‘घड्याळ’ म्हणत आणि त्याला ते मनातून आवडे. फेरीबोटीचा सारंग तो, म्हणजे बोट चालवणारा. या किनाऱ्यावरची माणसं, सायकली, कोंबड्यांच्या पेट्या त्या किनाऱ्याला न्यायच्या आणि तिकडच्या इकडे आणायच्या. त्याची बोट दिसली की चहावाली आधण ठेवी आणि पोस्टातला कारकून मनगटावरचे काटे जुळवून घेई. अंगानं किरकोळ, आवाजानं मऊ. भारदस्त म्हणावी अशी त्याच्याजवळ एक मिशीच होती.

पलीकडच्या किनाऱ्याचीही एक बोट होती. दोन्ही एकाच वेळी सुटत आणि भर समुद्रात पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापाशी एकमेकींना ओलांडत. जो बोया आधी गाठेल त्यानं भोंगा वाजवायचा. हा खेळ कधी सुरू झाला ते दोन्ही सारंगांना आठवत नसेल. ते एकमेकांशी कधी बोलले नव्हते, पण भोंग्यावरून समोरच्याची कळी खुलली आहे की नाही ते बरोबर ओळखत.

त्या वर्षी दोन्हीकडच्या सरकारांनी मिळून ठरवलं. बोयाभोवतीच्या उथळ पाण्यात डॉल्फिनच्या माद्या पिल्लं घालायला येतात. तेव्हा त्या हंगामात तिथं जाळी टाकायची नाहीत, भोंगा वाजवायचा नाही आणि बोटी हळू न्यायच्या. कोळ्यांनी कुरकुरत का होईना, जाळी उचलली. आता पाळी फेरीबोटींची होती.

पहिल्या दिवशी सकाळी सारंग आरशासमोर मिशी विंचरत होता. बायको त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती.

“आम्ही गोगलगाय व्हायचं आणि तो सुसाट येणार,” तो म्हणाला. “वर भोंगा वाजवून हसेल.”

“हसू दे की. दात त्याचे दिसतील.”

“आणि माझं नाव जाईल त्याचं काय? आजवर कधी उशीर केला नाही मी.”

“माझ्या भावाच्या लग्नाला केला होता.”

“ते जमिनीवर. तुला सांगतो, तो पठ्ठ्या वेग कमी करील त्या दिवशी ही मिशी उतरवीन.”

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. “एक सांगा. हळू जायचंय ते त्याच्यासाठी, का त्या पिल्लांसाठी?”

सारंगानं एका बाहीची इस्त्री राहिलेला शर्ट तसाच उचलला आणि निघाला.

उथळ पाणी जवळ आलं तसा खालून इंजिनवाला ओरडला, “दादा, उतरवू का वेग?”

“थांब जरा.”

दुर्बिणीतून समोरची बोट दिसत होती. तिच्या नाकाशी पांढरा फेस उसळत होता. म्हणजे वेग तोच. आधी त्यानं उतरवावा, मग मी, असं सारंगानं ठरवलं होतं. पाण्याचा निळा रंग हिरवा व्हायला लागला. फेस तसाच. आणि एकाएकी त्याच्या मनात आलं, तिथंही कोणीतरी दुर्बीण लावून माझाच फेस बघत असेल! त्यात बायकोचा सकाळचा प्रश्न आठवला.

“उतरव,” तो म्हणाला.

इंजिन मंदावलं. कठड्यापाशी उभा असलेला कोंबडीवाला म्हणाला, “काय हो, घड्याळाची किल्ली संपली वाटतं?” बोटभर हशा पिकला. सारंगाचे कान तापले. पुढचं बघायला नको म्हणून त्यानं दुर्बीण खाली ठेवली.

वायरलेस खरखरला. समोरच्या बोटीचा सारंग विचारत होता, “काय हो, इंजिन बिघडलं काय?”

“नाही,” आपला सारंग म्हणाला. “तुमचं?”

“आमचंही नाही. तुम्ही उतरवताय का, तेच बघत होतो.”

सारंगानं मान वर केली. समोरचा फेस विरला होता. “मीही तेच बघत होतो,” तो म्हणाला, आणि दोन्हीकडून एकदमच हसू आलं.

बोया मागे पडला. भोंगा वाजला नाही. बोटी इतक्या सावकाश शेजारून गेल्या, की सारंगाला तो माणूस पहिल्यांदाच नीट दिसला. टक्कल, जाड चष्मा, हातात चहाचा मग. त्यानं मग उंचावला. कोंबडीवाला पाण्याकडे बोट दाखवत “श्श!” म्हणाला. कोणाला चकचकीत पाठ दिसली, कोणाला नाही.

धक्क्यावर चहा उकळून कडू झाला होता. कारकून मनगट कानाशी धरून उभा होता. सारंग तडक घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बोयापाशी टकल्या सारंगानं चष्मा वर करून टक लावून पाहिलं. मग वायरलेस खरखरला. “आमचे नेहमीचे सारंग रजेवर का?”

“मीच आहे हो. तुमच्यापायी गेली,” सारंग बोडक्या ओठावरून बोट फिरवत म्हणाला.

“माझ्यापायी? ती कशी काय?”

“सांगतो ना सावकाश,” सारंग म्हणाला. “इथं आता वेळ आहे आपल्याकडे.”