टोकाटाला दाद

स्पष्टच सांगते: तोवर मी ऑर्गन ऐकलेला नव्हता. पण पत्रक लिहायला वाद्य ऐकावं लागत नाही, अन्याय पुरतो.

आयर्लंडमध्ये, लिमरिकला, आमच्या भाडेकरू संघटनेच्या बैठका चर्चच्या हॉलमध्ये व्हायच्या. चहा करणाऱ्या आजीबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. एकदा त्या सहज म्हणाल्या, "चर्चची समिती जुना ऑर्गन काढून इलेक्ट्रॉनिक बसवणार आहे. उभा जन्म त्याच्यावर गेला माझा. असो, बिस्किट घे." मी पेटले. दुसऱ्याच दिवशी पत्रक तयार! 'संस्कृतीची कत्तल थांबवा!'

आजीबाईंनी चष्मा नाकावर ओढून ते वाचलं. "पोरी, हे वाचून मीच माझ्या विरोधात मत देईन. यात ऑर्गन कुठंय?"

"मुद्दा तत्त्वाचा आहे!"

"बरं. रविवारी प्रार्थनेनंतर समितीसाठी एक टोकाटा वाजवणारे, बोटं पळवणारी रचना असते ती. तीनेकशे वर्षांपूर्वीचा. त्यावर ते काय ते ठरवतील. तू ये. पत्रकं आणू नकोस."

तेव्हा मिरजेहून आई आली होती, तीही निघाली. मैफली ऐकत म्हातारी झालेली बाई. वाटेत मी बजावलं, "आई, तिथे गप्प बसायचं." "तू बसणारेस का?" तिने विचारलं.

आजीबाई वर माडीवर, आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मागचं दिसावं म्हणून समोर एक छोटा आरसा. समिती पहिल्या बाकावर, दात उपटून घ्यायला आल्यासारखी. मग सुरू झालं. बोटांतून एक लांबलचक तान सुटली, पायांनी खालचा सूर असा दाबला की बाक थरथरलं, आणि एकदम सगळं थांबलं. त्या शांततेत आई खणखणीत म्हणाली, "व्वा! क्या बात है!"

अख्खी समिती वळली. मी आईचा दंड धरला. "इथे बोलत नाहीत!"

"मग वाजवणाऱ्याला कळायचं कसं?"

पुन्हा तान, पुन्हा थांबा. या वेळी आई गप्प, कारण मी चिमटा काढून ठेवला होता. शांतता लांबली. आजीबाई आरशात बघत बसल्या, हात वर तसेच. कपाळावर कायम आठी असलेले समितीचे अध्यक्ष शेवटी मागे वळून आईला म्हणाले, "काय झालं? हे नाही आवडलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "आता परवानगी आहे का, पुढारीण?"

मी हात सोडला. तिने अशी दाद दिली की पुढची तान दुप्पट वेगाने आली. शेवटच्या सुरावर अध्यक्षही काहीतरी पुटपुटले. 'ग्रँड' असावं. इथे त्याहून मोठी स्तुती नाही.

समितीने निर्णय पुढे ढकलला: आधी दर रविवारी वाजवा, लोक येतात का बघू, आले तर जुनाच दुरुस्त करू. आजीबाई खाली आल्या त्या थेट आईकडे. "पुढच्या रविवारी आहात ना?"

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पत्रक लिही. लोक यायला हवेत."

मी दोन पानं लिहिली. त्यांनी पेन्सिल घेऊन 'कत्तल'पासून 'जाहीर निषेध'पर्यंत सगळं खोडलं आणि खाली स्वतःच लिहिलं: 'रविवारी, प्रार्थनेनंतर, ऑर्गन. मध्ये बोललात तरी चालेल.'