तिचा थर्माकोलचा गोठा

रोझीनं, माझ्या बायकोनं, आणि मी शेवटचं एकत्र काम केलं ते सुके बोंबील निवडायचं. ती डोकी मोडत होती, मी मांजर हाकलत होतो. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता नाताळ आला. पर्यावरणपूरक नाताळाच्या स्पर्धेत आमच्या आळीनं भाग घेतलाय. नियम असा, की एका जरी घरी थर्माकोल दिसला तरी सगळी आळी बाद. आणि रोझीचा येशूजन्माचा गोठा थर्माकोलचा. तिनंच कापलेला, तिनंच रंगवलेला, दरवर्षी तोच. शेजारचा अंतोन म्हणाला, "काका, यंदा तेवढा नको हां." म्हटलं, लोक काय करतात ते आधी बघून येतो.

रिक्षानं माणिकपूरला उतरलो. एका अंगणात गोठ्याला पोयीचं (नारळाच्या फुलोऱ्यावरच्या कवचाचं) छप्पर होतं, उलट्या होडीसारखं. खाली भाताचा पेंढा.

"सण झाल्यावर पेंढ्याचं काय?"

"म्हशीला," घरची बाई म्हणाली आणि हातावर फुगे (तळलेले गोल पाव) ठेवले. "खा हो बाबा, किती सुकलात!"

देवाचं अंथरूण म्हशीच्या पोटात. पटलं मला. फुगे मात्र कडक होते.

तिथून बोळिंजला गेलो, एका सोसायटीतला गोठा बघायला; सगळ्या इमारती सारख्या. भलत्याच फाटकात शिरलो. वॉचमन म्हणाला, "कोणाकडे?" म्हटलं, "येशूकडे." हसला, पण योग्य फाटकापर्यंत त्यानंच सोडलं. तिथं गोठ्यामागं कागदाच्या लगद्याचा डोंगर केलेला आणि आमच्याच स्पर्धेच्या एक परीक्षक बाई गुण देत उभ्या.

"बाई, घरात जुना थर्माकोलचा असेल तर?"

"काढून टाकायचा."

"टाकायचा कुठं?"

"कचऱ्याच्या गाडीत."

"आणि गाडी कुठं जाते?"

"काका, तुम्ही माझीच परीक्षा घेताय!" मग म्हणाल्या, "नवा कोणी आणू नये म्हणून नियम केला. जुन्याचं कोणी विचारलंच नाही. पण यंदा गुण मी नियमानंच देणार."

खरं बोलल्या. आवडलं.

परतताना रिक्षात तेच डोक्यात. पेंढा चांगला, पोय चांगली. नवा थर्माकोल कोणी आणला तर मीच ओरडेन. पण घरात आहे तो फेकला की आपली आळी स्वच्छ आणि घाण दुसऱ्याच्या दारात. एवढं फिरून मला हेच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून तिचा गोठा काढला, पुसला, घरापुढच्या ओट्यावर मांडला. मग अंतोनच्या दारात जाऊन म्हटलं, "बक्षीस गेलं तर शिव्या मला द्या."