बारावा श्वास

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. 'नव्हता' असं लिहायला हवं खरं तर, पण हात वळत नाही... आमच्या घरात देव्हारा नाही. दृष्ट काढणं, अंगारा लावणं, दाराला लिंबू-मिरची, काही नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. लहानपणी कुणी भुताचा विषय काढला की वडील म्हणायचे, "त्याला म्हणावं दिवसाढवळ्या ये, चहा पिऊन जा." या सदरातले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते, हसायला. आज मीच लिहितेय, तेव्हा हसायची पाळी तुमची.

दुसरं म्हणजे, यातल्या सरांचं नाव मी देणार नाही. रत्नागिरीत ज्यांना कळायचं त्यांना कळेल. कळलंच तर मला काही वाईट वाटणार नाही.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालात आणि पालीची बाजारपेठ मागे टाकलीत की थोड्या अंतरावर एक रस्ता खाली उतरतो. तिथे आमची वाडी. मधोमध विहार - वर पत्रा, खाली फरशी, बाजूला फणस. विहिरीवरून वाडीत चढायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट आहे, तिला आम्ही पाखाडी म्हणतो. आता घरोघरी नळ आलेत, पण माझ्या थोरल्या जावेने, शालनताईने, पंचवीस-तीस वर्षं त्या पाखाडीवरून डोक्यावर हंडे वाहिले.

ताई सातवी शिकलेली. पेटी येत नव्हती, सरगम माहीत नव्हती. पण बाईचा आवाज एकदा ऐकला की तिला कुठे बसवायचं ते तिला कळायचं. वाडीतल्या दहाजणी तिने गोळा केल्या, तिच्यासकट अकरा. दर रविवारी चार वाजता विहारात बसायचं. पमाकाकींचा आवाज जाड, त्या भिंतीकडे. बारीक आवाजाच्या पोरी दाराकडे. मला म्हणाली, "तुजा आवाज हिकडं ना तिकडं. तू मदीच बस."

तिथे आमचं 'पाखाडी' हे गाणं झालं. शब्द ताईचे, चाल ताईची. 'हंडा उचल गो, पायरी चढ गो, उन्हाच्या आधी घर गाठ गो...' असं साधंच. पण बांधणी बघा. चौघींनी ओळ म्हणायची, पुढच्या चौघींनी तीच ओळ जरा मागून उचलायची आणि तिघींनी खाली नुसता हुंकार धरायचा. पाखाडी चढताना पुढचीचं बोलणं मागचीपर्यंत उशिरा पोचतं, ते तिने तसंच्या तसं गाण्यात आणलं होतं.

शेवटच्या कडव्यात आवाज कुठेच तुटायचा नाही, अशी तिची अट. अकराजणींनी एकदम श्वास घेतला तर तुटणारच की. म्हणून ताईने श्वास वाटून दिले. प्रत्येकीला एक शब्द. त्या शब्दाला तिने एकटीने गुपचूप थांबायचं, श्वास घ्यायचा आणि परत मिसळायचं. बाकीच्या दहाजणी ओढत राहणार. "डोक्यावर हंडा असताना सगळ्या एकदम थांबल्या तर मागची पुढचीवर आदळते गो," ती म्हणायची. हा शब्द ती चारचौघीत सांगायची नाही. जवळ बोलवायची, पदर आड धरायची आणि कानात सांगायची. माझा शब्द पमाकाकींना माहीत नव्हता, त्यांचा मला नाही. कानात दिल्याशिवाय तो आपला होत नाही, असं ती म्हणायची. आम्ही हसायचो.

आता सर. रत्नागिरीत त्यांचा गाण्याचा क्लास. आमच्या ऑफिसच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि मीच त्यांना वाडीत घेऊन आले. मीच. ते खुर्चीवर बसले, मांडीवर ताल धरला, दोनदा "वा" म्हणाले. ताईला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी पडवीत कुळीथ पाखडताना मला म्हणाली, "सरांनाबी एक श्वास ठेवलाय. बारावा. बसले आपल्यात तर सांगन." आणि सूप खाली ठेवून तो शब्द तिने माझ्या कानात सांगितला. "माज्या ध्यानात नाय रायला तर तू दे त्यांना."

आठवड्याभराने सरांचा मेसेज आला. "मॅडम, रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. थोडं पॉलिश करून देतो." मी पाठवलं. तो सेंड माझ्या बोटाने दाबलाय, हे मी रोज एकदा तरी स्वतःला ऐकवते.

फेब्रुवारीत सरांच्या क्लासचा कार्यक्रम होता. आम्हाला आमंत्रण आलं, ताईने ठेवणीतली निळी साडी नेसली. पडदा उघडला तर समोर क्लासच्या दहा बायका, एकसारख्या नऊवारीत, काखेत रिकाम्या चकचकीत कळश्या. आणि सुरू झालं आमचं 'पाखाडी'. तीच ओळ, तीच मागून उचललेली, तोच हुंकार. पत्रिकेवर छापलेलं - संकल्पना, शब्द, संगीत, संयोजन - चारही ठिकाणी एकच नाव. शेवटच्या कडव्यात त्या बायका दर ओळीला एकदम श्वास घेत होत्या. ताई माझ्या शेजारी हळूच म्हणाली, "आदळल्या बग... परत आदळल्या."

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मागे गेलो. सर हार गळ्यात घालून उभे होते. ताईने विचारलं, "सर, नाव नाय सांगितलंत आमच्या वाडीचं?"

"काकी, लोकगीताला मालक नसतो," ते हसून म्हणाले. "तुम्ही आपल्या गुणगुणत होतात. मी त्याचं गाणं केलं." आणि शेजारच्या माणसाकडे वळून, आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने, "जरा कौतुक केलं की लगेच हक्क सांगायला येतात."

ताई वळली आणि चालू लागली. एसटीत खिडकीशी बसून राहिली. पुढच्या रविवारी विहाराचं कुलूप निघालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "आता मी गायले तर लोक बोलतील सरांचं गानं चोरलंन," एवढंच म्हणाली. ज्या बाईने दहाजणींना गायला लावलं तिने घरात भाकरी थापतानाही तोंडातून सूर काढला नाही. पावसाळ्यात तिला न्यूमोनिया झाला.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. मी म्हटलं, "ताई, त्या माणसाचा शब्द काढून टाकलास ना?"

तिला बोलताना धाप लागत होती. "दिलेला श्वास परत घेतात काय गो? त्याच्याच नावाचा हाय तो. आला मागायला तर दे."

चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या जाण्याला डॉक्टरांकडे कारण होतं, माझ्याकडे वेगळं होतं.

डिसेंबरात सरांचा मोठा कार्यक्रम झाला, सकाळी अकरा वाजता, शहरातल्या एका हॉलमध्ये. मी गेले. गाणं ऐकायला नाही, त्याचं तोंड बघायला गेले, आणि चांगल्या मनाने नाही. तिसऱ्या रांगेत बसले. माइकवर येऊन तो म्हणाला, "कोकणातल्या कष्टकरी बायकांचं दुःख मला लहानपणापासून झोपू देत नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर खुर्ची उचलून फेकावीशी वाटली.

यावेळी तो स्वतः पुढे उभा राहून गात होता. आवाज चांगला आहे त्याचा, ते मी नाकारत नाही. शेवटचं कडवं सुरू झालं आणि मी मनात म्हणाले... जसं म्हणाले तसंच लिहिते, "अडकू दे याचा श्वास. अडकू दे आणि सुटू नको दे."

पहिली ओळ संपली. श्वास घ्यायला त्याने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. छाती वर गेली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पण आत काही जाईना. मागच्या बायका घाबरून गप्प झाल्या. पेटीवाल्याने हात उचलला, तबला थांबला.

आणि गाणं चालूच राहिलं.

एकटा आवाज. किंचित नाकातला. ताईच्या पुढच्या दोन दातांत फट होती, 'स' म्हणताना त्यातून बारीक शिट्टी यायची. ती शिट्टी मी ऐकली. साउंडवाला खटाखट बटणं खाली ओढत होता, शेवटी त्याने वायरच उपटली. आवाजाला काही फरक पडला नाही. चारही ओळी, कुठेही न तुटता, एकाही ठिकाणी श्वास न घेता पूर्ण झाल्या. मग सरांच्या छातीत घरघर करत हवा शिरली आणि ते मटकन खाली बसले. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? 

लोक म्हणाले रेकॉर्ड लावली असेल. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "ट्रॅकवर म्हातारी छान गायलीय." पण ताईने ते कडवं कधी एकटीने म्हटलंच नव्हतं. माझ्या फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये आम्ही अकराजणी एकत्र आहोत, आणि त्या दिवशी हॉलमध्ये आमच्यातली माझ्याशिवाय कुणी नव्हती. नंतर ओळखीच्या दोघांकडून त्या कार्यक्रमाचे व्हिडिओ मागवून बघितले. तेवढ्या चार ओळींपुरता दोन्हीत आवाज नाही. आवाज नाही म्हणजे पंख्याचा नाही, लोकांच्या कुजबुजीचाही नाही. मग एकदम पंखे ऐकू यायला लागतात.

त्यानंतर सर गायलेले नाहीत. बोलतात नीट, जिने चढतात, फुंकर मारतात. छातीचे फोटो झाले, कोल्हापूरला जाऊन तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. फक्त गायला लागले की पहिल्या ओळीनंतर श्वास येत नाही. कुठलंही गाणं असो. क्लासला कुलूप लागलं, जसं आमच्या विहाराला लागलं होतं. माझा नवरा म्हणतो, "मनावर घेतलंन त्याने. भीती बसलीय, दुसरं काय." असेल तसंही. मग व्हिडिओतले पंखे कशाला घाबरले?

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं. पण दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी साडेतीनच्या सुमाराला, मी विहार झाडत होते. हो, आम्ही परत बसायला लागलोय. मागे वळून बघितलं तर सर फणसाखाली उभे. निम्मे झालेत. चपला काढून पायरीवर बसले.

"मॅडम, मी चुकलो," म्हणाले. "पेपरात देतो, काकींचं नाव छापतो, तुम्ही म्हणाल ते करतो."

"छापा," मी म्हटलं. "कुणी अडवलंय?"

"त्या शेवटच्या कडव्यात तुम्ही प्रत्येकीने वेगळा शब्द धरलाय म्हणे. श्वासाला. मी एकेक शब्द करून बघितला. सगळे. कुठेच येत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काकींनी माझ्यासाठी कुणाजवळ काही सांगून ठेवलंय का?"

 माझ्या हातात केरसुणी होती. तो शब्द माझ्या जिभेवर होता. पदर आड धरायचा, वाकायचं आणि दोन अक्षरं सांगायची, एवढंच काम.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्यासाठी काही ठेवलं नाही तिने."

ते उठले, नमस्कार केला आणि पायरी पायरी उतरत गेले. चार वाजता बायका आल्या. आम्ही गायलो.

व्हिडिओचं कारण मला सापडलेलं नाही. पण झोप उडते ती त्याने नाही. हॉलमधला आवाज ताईचा होता, ते मी छातीवर हात ठेवून सांगेन. तिने पडलेलं गाणं उचललं आणि वरपर्यंत नेलं, ते तिच्या स्वभावाला धरूनच होतं. पण त्या माणसाचा श्वास अडवला कुणी? जिने मरतानाही 'आला मागायला तर दे' म्हटलं, ती अडवेल? मला पटत नाही. आणि 'सुटू नको दे' असं त्या हॉलमध्ये म्हणणारी मी एकटीच होते.

कुणी वाचक लिहितील, बाई, सांगून टाका, मोकळ्या व्हा. तो शब्द इथे लिहिला तर तो दिल्यासारखा होईल का, मला माहीत नाही. सर हे सदर वाचतात, हे मात्र माहीत आहे.

म्हणून लिहीत नाही.