दत्तूकाकांचा उजवा डोळा

दत्तूकाका उमरीकर कुठलीही गोष्ट मनापासून पाहायला लागले की त्यांचा डावा डोळा आपोआप मिटायचा. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावून उभा जन्म गेलेला. डाव्याला सुट्टी द्यायची सवय अंगात मुरली होती. बारशाला गेले तरी पाळण्यावर वाकून एक डोळा मिटत. त्यांच्या मुलीला, सुजाताला, पाहायला पाहुणे आले तेव्हा होणाऱ्या जावयाकडेही त्यांनी तसंच पाहिलं, आणि तो बिचारा घाबरून पाणी मागायला लागला. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी भामा तर एकदा दारातूनच ओरडली होती, "अम्मा, तुमचे साब आँख मारते, देखो!"

"मारू दे गं," रजनीकाकू आतून म्हणाल्या. "मला लग्नापासून मारतायत. मी काही मेले नाही. वांगी कशी दिलीस?"

उमरीकरांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. सुजाता आणि मी एका वर्गातल्या, त्यामुळे त्या घरात मी सांगून कधी गेले नाही. काकांचे वडील निझामाच्या काळात कोर्टात पेशकार होते. मुलगा वकील व्हावा एवढीच त्यांची इच्छा. मुलगा मॅट्रिक झाल्यावर एका फोटो स्टुडिओत कामाला लागला आणि तिथून एका तेलुगू निर्मात्याच्या मागे मद्रासला गेला. तेव्हा तेलुगू सिनेमा मद्रासलाच तयार होई. आधी दिवे उचलणं, मग कॅमेऱ्याची पेटी सांभाळणं, मग कॅमेऱ्यामागे उभं राहणं, अशी त्यांची बढती झाली. काकू इथे सासू-सासऱ्यांपाशी राहिल्या. काका सणासुदीला येत. पुढे सिनेमाचा कारभार हैदराबादेला आला तेव्हा काकाही कायमचे घरी आले, पण तोवर सुजाताची शाळा संपत आली होती. "माझे बाबा मला लाँग शॉटमध्येच दिसले," असं ती हसत म्हणे. त्या हसण्यात सगळं हसू नसायचं.

त्यांनी पुष्कळ सिनेमे केले. मानपत्रं मिळाली, शाली मिळाल्या. काकू त्या थंडीत आल्यागेल्याला वाटून टाकत. पण जाणकार लोक नाव घेत ते एकाच सिनेमाचं. आमच्या दोन्ही घरांत त्याला हळदीचा सिनेमाच म्हणत. निझामाबादच्या हळदीच्या आडतीवर काम करणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. सगळं चित्रण ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी. इतर कॅमेरामन दुपारचं ऊन टाळतात. काकांना तेच हवं होतं. पत्र्याच्या छपराच्या भोकांतून ऊन खाली येई, हवेत हळदीची धूळ तरंगत असे, आणि त्या धुळीतून माणसं चालत येत. निझामाबाद जवळ म्हणून त्या वेळी काकूही गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या भुवया पिवळ्या होत्या. मी आणि सुजाता त्यांच्याभोवती नाचलो होतो, ते मला अजून आठवतं.

सिनेमा चालला नाही. नंतर त्याच्या झिजलेल्या प्रती फिल्म क्लबांत दाखवल्या गेल्या आणि काकांचं नाव झालं. मग त्या प्रतीही संपल्या. गेल्या वर्षी निर्मात्याच्या नातवाला चेन्नईच्या एका गोदामात मूळ निगेटिव्हचे डबे सापडले. उघडले तर व्हिनेगरचा भपकारा आला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो. जुने सिनेमे वाचवणाऱ्या एका संस्थेने ती निगेटिव्ह कशीबशी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. चित्र वाचलं. रंग मात्र उडाले होते, ते नव्याने बसवायचे होते. ते मुळात कसे होते हे सांगायला कोण उरलं होतं? दिग्दर्शक गेले, नायिका गेली, फिल्म धुणारी प्रयोगशाळा बंद पडून तिथे इमारत झाली. उरले ब्याण्णव वर्षांचे दत्तूकाका.

संस्थेचा रितेश घरी येऊन, रंग सांगायला याल का, असं विचारून गेला. काका काकूंना म्हणाले, "रजनी, बाकीचे सगळे सिनेमे पुसले जाणार. मी गेल्यावर हा एकच बघतील. हा जसा घेतला तसा राहिला पाहिजे."

"मग जा की," काकू म्हणाल्या. "नाहीतरी इथे बसून पंख्याला नावं ठेवता."

रोज सकाळी गाडी येई. ज्युबिली हिल्सच्या एका स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत ऋचा नावाची पुण्याची मुलगी यंत्रावर बसे. एकेक दृश्य पडद्यावर लावून ती रंग कमीजास्त करी, काका शेजारी खुर्चीत. मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. काका पुढे वाकले, डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "निळा चढव."

"सर, अजून? ऑलरेडी बराच आहे."

"चढव."

"सर, हे दुपारचं आहे ना? मला थोडं कूल वाटतंय, म्हणजे थंड."

"बाळ, हे घेतलं तेव्हा तुझे आईवडील तरी भेटले होते का?"

ऋचा हसली आणि तिने निळा चढवला. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. शेवटच्या दिवशी काकांनी प्रत मान्य असल्याची सही केली. घरी येऊन वरणभात मागून घेतला आणि पोटभर जेवले.

मग संस्थेने घरच्यांसाठी एक खेळ ठेवला. छोटं थिएटर, आम्ही पाच-सहा माणसं. सिनेमा सुरू झाला. आडत दिसली, छपराची भोकं दिसली, उन्हाचे खांब दिसले.  काळोखात काकूंचा आवाज आला.

"अहो, ही संध्याकाळ कधी झाली?"

"गप बघ."

"नाही, मी होते ना तिथे. दुपारच्या जेवणाची पानं मी मांडली होती. हे चांदणं पडल्यासारखं काय दिसतंय? हळद कुठंय?"

"दिसत्येय की हळद! तुझे डोळे गेलेत."

"माझ्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. तुम्हीच एकाचं केलं नाहीत," काकू म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना बोलता बोलताच सुचलं असावं, कारण आवाज एकदम खाली आला. "अहो, तो डावा उघडा जरा."

काकांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं होतं. उजव्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता. "जेवायचा हात कुणी कापायला देतं का?" असं त्यांनी डॉक्टरांनाच विचारलं होतं. तो मोतीबिंदू तसाच पिकत राहिला. त्यातून सगळं जग पिवळट दिसतं. पडद्यावरचा रंग बरोबर असला तरी काकांना तो फार पिवळा वाटे, म्हणून ते निळा चढवायला सांगत. चालता-बोलताना, पेपर वाचताना त्यांचं काम डाव्या डोळ्यावर निभत होतं. फक्त मनापासून काही पाहायला लागले, विशेषतः सिनेमा समोर आला, की तो डोळा मिटत होता.

काकांनी डावा डोळा उघडला. उजव्यावर स्वतःचा तळवा ठेवला. पडद्यावर ती बाई सुपातून हळद पाखडत होती आणि सुपातून राखाडी धूर उडावा तसं काहीतरी उडत होतं. काका तसेच बसून राहिले. सिनेमा संपून दिवे लागले तरी तळवा उजव्या डोळ्यावरच होता. सुजाताने हात धरून तो खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी सुजाताने रितेशला फोन लावून काकांच्या हातात दिला.

"पुन्हा करायचंय," काका म्हणाले.

"सर, प्रत फेस्टिव्हलला गेली. इथल्या शोची तारीख लागली, पोस्टरवर 'रंग: स्वतः उमरीकर यांच्या देखरेखीखाली' असं छापलंय. तुम्ही अप्रूव्ह केलंत सर."

"चुकून केलं."

"सर, सगळे म्हणतायत अप्रतिम झालंय. मोठ्या कलाकाराला आपलं काम कधी पटत नाही, आम्ही समजू शकतो. पुढेमागे बघू ना."

काका फोनकडे बघत म्हणाले, "नक्को म्हणतोय तो. गोड बोलून नक्को म्हणतोय."

ऋचाला मात्र राहवलं नाही. एका रविवारी ती आपला लॅपटॉप आणि चांगला मॉनिटर घेऊन नल्लकुंट्याला आली. संस्थेला न विचारता आपण नवी प्रत करून ठेवू, आज ना उद्या ते घेतील, असं तिचं म्हणणं. सुजाताने आणि मी दिवाणखान्यात पडदे ओढून काळोख केला. काकूंनी काकांच्या उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला.

पहिलं काम सोपं होतं. "निळा काढ," काका म्हणाले. तिने काढला. त्यानंतर किती पिवळा? किती तांबूस? छपराखालची सावली किती काळी? काका बघत राहिले. रुमाल वर केला, उजव्याने पाहिलं. पुन्हा खाली घेतला, डाव्याने पाहिलं.

"सर, हे असं?"

"असेल."

"की हे?"

"तेही असेल." मग म्हणाले, "या डोळ्याने मी कधी सिनेमा बघितलाच नाही गं. याला काही ठाऊकच नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला दिसत नाही."

"तुम्ही आठवा ना. डोळे मिटून आठवा, मी करत जाते."

काकांनी दोन्ही डोळे मिटले.  बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं.

"आता आठवायला गेलं की तो निळाच येतो," काका म्हणाले. "रोज बसून बसून मीच तो आत घातला."

"काकू, तुम्ही सांगा," ऋचा म्हणाली. "तुम्ही होतात."

"मी पानं मांडत होते, बाळ. पिवळं होतं एवढं मला माहितीय. किती पिवळं, ते सांगायला हे होते."

काका म्हणाले, "ऋचा, तू तुझ्या मनाने कर."

ती यंत्रावरचा हात काढून बसली होती. तिचे डोळे भरले होते. "मी करीन सर. छान पण करीन. पण ते मग माझं होईल."

काकांनी 'मग नको' अशी मान हलवली. काकूंनी रुमाल सोडला, पडदे उघडले आणि पोहे करायला आत गेल्या.

शो ठरलेल्या दिवशीच झाला. मोठं थिएटर भरलं होतं, तरुण मुलं पायऱ्यांवर बसली होती. सिनेमा संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. काकांना व्हीलचेअरवरून पुढे नेलं. भाषणं झाली. एक तेलुगू प्राध्यापक म्हणाले, भर दुपारच्या उन्हात या माणसाने शोकाचा निळा शोधला. नंतर मुलं पाया पडायला रांगेने आली. हर्षवर्धन नावाचा, सध्या बरंच नाव असलेला कॅमेरामन वाकून म्हणाला, "सर, तुमचा तो ब्लू! माझ्या नव्या पिक्चरमध्ये मी तोच धरलाय. तुम्हाला अर्पण केलाय."

"तो माझा नाही," काका म्हणाले.

"सर!" हर्षवर्धन मागच्यांकडे वळून म्हणाला, "बघा, अजून म्हणतात माझा नाही. याला म्हणतात माणूस."

"अरे, माझा डोळा खराब आहे. चूक झाली ती."

लोक हसले, कौतुकाने हसले. कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या. काका बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण पुढचं काही मला ऐकू आलं नाही.

त्यानंतर ते फारसे कुणाशी बोलले नाहीत. सुजाता उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनचं विचारायला डॉक्टरांकडे गेली, तर ते म्हणाले, आता या वयात आणि या हृदयावर नको. खाणं कमी झालं. संक्रांतीच्या आधी एका सकाळी काकू चहा घेऊन गेल्या, तेव्हा काका गेलेले होते. दोन्ही डोळे मिटलेले होते. पेपरांत मोठ्या बातम्या आल्या. एकात त्यांना निळ्या प्रकाशाचा जादूगार म्हटलं होतं. सुजाताने तो पेपर घरात येऊ दिला नाही, पण भेटायला येणारे तेच बोलत.

हर्षवर्धनही आला. सतरंजीवर मांडी घालून बसला, खरोखर रडला. चांगला मुलगा आहे. काकूंनी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून: मोतीबिंदू, मिटलेला डोळा, रुमाल, पिवळ्या भुवया.  ऐकून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "काकू, खोटं कसं बोलू? मला तो निळाच आवडला."

"आवडू दे की," काकू म्हणाल्या. "वाईट दिसत नाही तो. तू खुशाल वापर. फक्त त्यांचं नाव लावू नकोस."

"पण पिक्चर तयार झालाय काकू. पहिल्याच पाटीवर सरांचं नाव आहे."

 काकू सुजाताला म्हणाल्या, "याला पाणी दे गं."